कुर्त्याची एक बाजू वर का चढते?



नवीन शालेय वर्षाचे गणवेश शिवून आले की काही घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. शिंप्याने माप नीट घेतले नाही. कुर्त्याची एक बाजू वर चढते. ओढणी सारखी एकाच खांद्यावरून घसरते. मग शिंप्याला चार शब्द ऐकवले जातात, शिवण उसवली जाते, एक बाजू खाली सोडली जाते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बहुतेक वेळा दोष खरोखर मापाचाच असतो. पण दहा ते चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हीच तक्रार दुसऱ्यांदा आली, तर कुर्ता बाजूला ठेवून तिची पाठ एकदा नीट पाहावी. हे सांगण्यासाठीच या महिन्याचे सदर आहे.

पाठीचा कणा बाजूला वाकतो, त्या अवस्थेला डॉक्टर ‘स्कोलिओसिस’ म्हणतात. शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ साधा आहे : वाकडेपणा. आपला कणा कडेने पाहिला तर मुळातच वळणदार असतो. मानेत थोडा आत, पाठीत थोडा बाहेर, कमरेत पुन्हा आत. ही वळणे नैसर्गिक आहेत आणि गरजेचीही आहेत. परंतु पाठीमागून पाहिले तर कणा गवंड्याच्या ओळंब्यासारखा सरळ दिसायला हवा. तो डावीकडे किंवा उजवीकडे वळला असेल तर तो बाक. काही मुलांत एकच वळण असते, काहींत वर एका बाजूला आणि खाली दुसऱ्या बाजूला अशी दोन वळणे असतात.

यात मणके नुसते बाजूला सरकत नाहीत. ते गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे स्वतःभोवती फिरतात. पाठीच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्याने मणका फिरला की बरगड्याही फिरतात आणि पाठीची एक बाजू उंच होते. म्हणूनच खांद्याचा फरा एका बाजूला वर आल्यासारखा दिसतो.

बाक मोजतात तो अंशांत. शाळेच्या कंपासपेटीत कोनमापक असतो, तेच माप. उभे राहून काढलेल्या एक्स-रेवर बाकाच्या वरचा आणि खालचा सर्वांत कललेला मणका निवडतात, त्यांच्या कडांवरून रेषा काढतात आणि त्या रेषांमधला कोन मोजतात. ही पद्धत जॉन कॉब या अमेरिकन अस्थिशल्यविशारदाने १९४८ मध्ये मांडली, म्हणून त्याला ‘कॉब कोन’ म्हणतात. कोन १० अंश किंवा त्याहून जास्त असेल तरच स्कोलिओसिस म्हणतात. दहा ते सोळा वर्षांच्या १०० मुलांमध्ये साधारण दोन-तीन जणांत असा बाक आढळतो. त्यांतील बहुतेकांचा बाक लहान असतो आणि त्यावर लक्ष ठेवण्यापलीकडे काही करावे लागत नाही. प्रश्न उरतो तो थोड्यांचा, ज्यांचा बाक वाढत जातो.

बाकाचे प्रकार

प्रत्येक वाकडी दिसणारी पाठ म्हणजे स्कोलिओसिस नव्हे. एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा आखूड असेल तर कंबर कलते आणि तोल सांभाळण्यासाठी कणा वळतो. पाठीत उसण भरली किंवा मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली, तरी माणूस एका बाजूला झुकून चालतो. हा वरवरचा बाक. मूल खाली बसले, किंवा आखूड पायाखाली तेवढ्या जाडीची फळी ठेवली, की तो दिसेनासा होतो. मूळ कारणावर उपाय केला की बाकही जातो. खऱ्या बाकात मणके फिरलेले असतात, त्यामुळे बसले, झोपले, वाकले तरी तो पूर्णपणे जात नाही.

खऱ्या बाकाचे कारणांनुसार गट पडतात.

पहिला गट सर्वांत मोठा. १०० पैकी सुमारे ८० मुले याच गटातील. यात कारण सापडत नाही. डॉक्टर त्याला ‘इडिओपॅथिक’ म्हणतात, म्हणजे ज्याचे मूळ ठाऊक नाही असा. वयाप्रमाणे त्याचेही भाग करतात : तीन वर्षांपर्यंतचा, चार ते नऊ वर्षांचा आणि दहा वर्षांनंतरचा. तान्ह्या बाळाचा बाक पुष्कळदा आपोआप सरळ होतो. सर्वांत जास्त आढळतो तो दहा वर्षांनंतरचा, म्हणजे मूल झपाट्याने उंच होते त्या वयातला. लहान बाक मुलगे आणि मुली दोघांत जवळपास सारखे दिसतात. पण वाढत जाऊन उपचारांची गरज पडावी असे बाक मुलींमध्ये कितीतरी पटीने जास्त असतात. हा प्रकार घराण्यातही दिसतो. आई, खाला, फुफी किंवा बहीण यांच्यापैकी कोणाला बाक असेल तर मुलीची पाठ जास्त काळजीने पाहावी. २०११ मध्ये जपानमधील संशोधकांना एलबीएक्स-१ या जनुकाजवळ याचा एक दुवा सापडला. त्यानंतर आणखीही दुवे सापडले आहेत, पण सगळा दोष एका जनुकावर टाकता येत नाही.

दुसरा गट जन्मजात बाकाचा. गर्भ अवघा चार ते सहा आठवड्यांचा असतो तेव्हा त्याचे मणके आकार घेऊ लागतात. त्या वेळी एखादा मणका अर्धाच घडला तर तो पाचरीसारखा राहतो आणि कणा एका बाजूला ढकलतो. कधी दोन मणके एका बाजूने चिकटलेलेच राहतात. त्याच सुमारास मूत्रपिंडे आणि हृदयही घडत असतात. म्हणून अशा मुलांची मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि हृदयाची तपासणी करून घ्यायला सांगतात. ती टाळू नये.

तिसरा गट मज्जातंतू आणि स्नायूंच्या आजारांचा. सेरेब्रल पाल्सी, मुलग्यांमध्ये दिसणारी ड्युशेन ही स्नायूंची दुर्बलता, जन्मतः उघडा राहिलेला मज्जारज्जू, तसेच पोलिओ. कण्याला दोन्ही बाजूंनी स्नायू तंबूच्या दोरांसारखे ताणून धरतात. एका बाजूचे दोर सैल पडले की खांब कलतो. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत पोलिओने पाय गेलेल्या कितीतरी जणांची पाठही याच कारणाने वाकली. भारतातील पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. दारोदार जाऊन पाजलेल्या दोन थेंबांनी अनेक पाठीही वाचवल्या आहेत.

चौथ्या गटात बाक हे संपूर्ण शरीराच्या आजाराचे एक लक्षण असते. मार्फान आजारात मूल उंच आणि सडपातळ असते, बोटे लांब असतात, हृदय आणि डोळे यांनाही त्रास संभवतो. न्यूरोफायब्रोमॅटोसिसमध्ये अंगावर कॉफीच्या रंगाचे अनेक डाग दिसतात.

पाचवा गट दादी-नानींचा. पन्नाशी-साठीनंतर मणक्यांमधल्या गाद्या आणि सांधे एका बाजूने जास्त झिजतात आणि पूर्वी सरळ असलेला कणा हळूहळू कलतो. यात कंबरदुखी आणि पायांत मुंग्या येणे हीच मुख्य तक्रार असते.

आपल्याकडे आणखी एका आजाराकडे लक्ष द्यावे लागते, तो म्हणजे मणक्याचा क्षय. त्यात कणा बहुधा बाजूला न वळता मागे टोकदार बाहेर येतो. सोबत पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे असे काही असेल तर एक दिवसही थांबू नये. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत सुरू केली तर हा आजार बरा होतो.

दोष कोणाचा?

कारण माहीत नसले की लोक कारण शोधून काढतात, आणि ते बहुधा मुलीच्या किंवा तिच्या आईच्या पदरी टाकतात. ‘सारखी वाकून बसते, मोबाईल बघते.’ ‘एकाच खांद्यावर दप्तर घेते.’ ‘पाण्याची कळशी एकाच कमरेवर आणायची.’ ‘लहानपणी मालिश नीट झाली नाही.’ ‘पोटात असताना आईने ग्रहण पाळले नाही.’

पोक काढून बसल्याने पाठ दुखते, जड दप्तरानेही दुखते. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात सांगितले आहे आणि ते पाळायलाच हवे. पण दप्तराने मणके फिरत नाहीत. तसे असते तर वर्गातील निम्म्या मुलांना बाक आला असता. ग्रहणाचे म्हणाल, तर जन्मजात बाकातील मणके दुसऱ्या महिन्यातच घडून गेलेले असतात. तेव्हा पुष्कळ बायकांना आपल्याला दिवस गेले आहेत हेही नीट उमगलेले नसते. सातव्या महिन्यात ग्रहण चालू असताना तिने विळीवर भाजी चिरली म्हणून मणका अर्धा राहिला, हे घडणेच शक्य नाही.

मराठीत ‘ताठ कणा’ म्हणजे स्वाभिमान. त्यामुळे वाकलेल्या कण्यातही लोक स्वभावाचा दोष शोधू लागतात. ‘सरळ उभी राहा’ असे दिवसातून वीस वेळा ऐकलेली मुलगी शेवटी पाठ दाखवायलाच घाबरते. ती आळशी नसते. सरळ उभे राहण्याचा तिचा प्रयत्न चालूच असतो, कणा साथ देत नाही.

वेळ का महत्त्वाची?

मूल वाढत असते तोवर बाक वाढण्याची भीती असते आणि उपचारांना संधीही तेव्हाच असते. मुलींची उंची पाळी सुरू होण्याच्या आधीच्या वर्षभरात सर्वांत वेगाने वाढते. त्यानंतर साधारण दोन वर्षे ती वाढत राहते, पण वेग कमी होत जातो. म्हणून पाठ पाहण्याची सुरुवात पाळी येण्याआधी व्हायला हवी. मुलींची पाठ १० आणि १२ व्या वर्षी, तर मुलग्यांची १३ किंवा १४ व्या वर्षी तपासावी, असे अमेरिकेतील अस्थितज्ज्ञांच्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटना सांगतात.

साधारण हिशेब असा. २५ अंशांपर्यंत बाक असेल तर काही महिन्यांच्या अंतराने तपासणी. वाढत्या वयात २५ ते ४० अंश असेल तर ब्रेस, म्हणजे कपड्यांच्या आतून घालायचे, मापाने बनवलेले प्लॅस्टिकचे कवच. ४५-५० अंशांच्या पुढे गेला तर शस्त्रक्रियेचा विचार. पाठीच्या भागातील ५० अंशांच्या पुढचा बाक उंची वाढायची थांबल्यानंतरही वर्षाला साधारण एक अंशाने वाढत राहतो.

ब्रेसचा खरोखर उपयोग होतो का, याचा मोठा अभ्यास अमेरिका आणि कॅनडात झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २४२ मुले-मुली होती. ब्रेस घातलेल्या १०० पैकी ७२ जणांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसते लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण १०० पैकी ४८ होते. जी मुले रोज सरासरी तेरा तास किंवा जास्त ब्रेस घालत, त्यांच्यात यश नव्वद टक्क्यांच्या वर गेले. फरक इतका स्पष्ट दिसला की तो अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवण्यात आला. ब्रेस कणा सरळ करत नाही, तो बाक वाढू देत नाही. आणि वाढ संपल्यावर तो घालून काही उपयोग नसतो.

इथेच आपल्या घरांत घोळ होतो. मी शिकवते त्या शाळेतील एका मुलीची पाठ तिच्या अम्मीने सहावीतच पाहिली होती. पण घरात ठरले की कुठे बोलायचे नाही, उद्या रिश्ते यायचे आहेत. सैल कुर्ता आणि वरून मोठी ओढणी, कोणाला काही दिसले नाही. नववीत खेळाच्या तासाला ती धाप लागून बसली, तेव्हा गोष्ट बाहेर आली. एक्स-रे निघाला तेव्हा उंची वाढायची थांबली होती आणि ब्रेसची वेळ टळून गेली होती. ज्या रिश्त्यासाठी लपवले, त्याच वयात तिच्या घरात आता शस्त्रक्रियेची चर्चा चालू आहे.

कपड्यांखाली बाक किती झाकला जातो, याचे एक ऐतिहासिक उदाहरण आहे. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये लढाईत मारला गेला. २०१२ मध्ये लेस्टर शहरातील एका वाहनतळाखाली त्याचा सांगाडा सापडला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीनुसार त्याचा बाक ६५ ते ८५ अंशांचा होता आणि तो किशोरवयात सुरू झालेला असावा. एवढा मोठा बाकही चांगल्या शिंप्याच्या हातच्या कपड्यांत फारसा दिसला नसता, असे त्या संशोधकांनी नमूद केले. शिंपी बाक लपवू शकतो, थांबवू शकत नाही.

आता रिश्त्याच्या भीतीबद्दल. अमेरिकेतील आयोवा येथे उपचार न झालेल्या ११७ जणांची पन्नास वर्षांनंतरची हकीकत २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांना पाठदुखी इतरांपेक्षा जास्त होती, छातीच्या भागातील बाक फार मोठा असलेल्यांना दम लागत होता. पण बहुतेक जण आपापले कामधंदे आणि संसार नीट सांभाळत होते. सर्वसाधारण बाक असलेल्या स्त्रियांना मुले होण्यात तो आड येत नाही. फक्त बाळंतपणाआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना बाकाची माहिती द्यावी, कारण पाठीत इंजेक्शन देताना त्यांना ती लागते. आणि धावण्याच्या शर्यतीत तीन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदके मिळवणाऱ्या उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे, हे त्याने स्वतः सांगितले आहे. तेव्हा सासरी सांगायची गोष्ट ही की तपासणी झाली आहे, उपचार झाले आहेत. ती सांगता येते. लपवलेली गोष्ट मात्र लग्नानंतर सांगणे फार अवघड जाते.

घरी पाठ कशी पाहावी?

यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. खोलीचे दार लावून घ्यावे. आईने किंवा मोठ्या बहिणीने मुलीच्या मागे उभे राहावे. पाठ उघडी किंवा पातळ बनियनमध्ये असावी. पाय जुळवून ती सरळ उभी राहील. चार गोष्टी पाहाव्यात : दोन्ही खांदे एका पातळीत आहेत का, एक फरा जास्त बाहेर आला आहे का, हात आणि कंबर यांच्यातली फट दोन्हीकडे सारखी आहे का, एक नितंब उंच दिसतो का.

मग तिला गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगावे. रुकूमध्ये पाठ जशी जमिनीला समांतर होते, तशी. फरक एवढाच की हात गुडघ्यांवर न टेकता तळवे जोडून खाली लोंबते सोडायचे. मागून, डोळे तिच्या पाठीच्या पातळीत आणून पाहावे. कण्याच्या दोन्ही बाजू सारख्या उंचीच्या दिसायला हव्यात. एक बाजू टेकडीसारखी वर आली असेल तर डॉक्टरांना दाखवावे. ही तपासणी विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज डॉक्टरने १८६५ मध्ये सांगितली. आजही जगभर पहिली तपासणी हीच करतात. वाढीच्या वयात ती दर सहा महिन्यांनी करावी.

काही खुणा दिसल्या तर मात्र घरी वाट पाहू नये : रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, पायांत अशक्तपणा, लघवीवरचा ताबा सुटणे, कमरेच्या मधोमध केसांचा पुंजका किंवा खळगा, फार लहान वयात दिसलेला किंवा झपाट्याने वाढणारा बाक.

दाखवायचे ते अस्थिरोगतज्ज्ञाला. हाडवैद्याकडून पाठ दाबून, ओढून घेऊ नये. क्षय झालेल्या किंवा जन्मतः कच्च्या मणक्यावर जोर पडला तर पाय कायमचे जाऊ शकतात. बाजारात मिळणाऱ्या पट्ट्यांनीही बाक थांबत नाही. पोहणे, व्यायाम, खेळ हे सगळे चालू ठेवावे. त्याने पाठ बळकट होते, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या ब्रेसला तो पर्याय नाही. एक्स-रेच्या वेळी मुलगी लाजत असेल तर आईने सोबत यावे आणि महिला तंत्रज्ञ असल्यास तिच्याकडून एक्स-रे काढण्याची विनंती करावी. अशी विनंती करण्यात गैर काही नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातील पालघर येथून झाली. त्याचे वैद्यकीय पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत मुले तपासायला येते. त्या दिवशी मुलीला घरी ठेवू नका. शंका असेल तर वर्गशिक्षिकेला आधी सांगा, म्हणजे पाठ पाहण्याची गोष्ट सर्वांसमोर होणार नाही. पुढे खर्चाचा प्रश्न आला तर सरकारी आरोग्य योजनेत काय बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

आणि तपासणीत बाक निघालाच, तर त्या दिवशी घरात एक वाक्य सर्वांत आधी मुलीला ऐकू यायला हवे : बेटा, यात तुझी काही चूक नाही. ब्रेस रोज तेरा-तेरा तास, दोन-दोन वर्षे तिलाच घालायचा असतो. उन्हाळ्यात तो तापतो, काचतो, वर्गात बाकावर बसताना आवाज करतो. ज्या घरात दोष दिला जातो, त्या घरातल्या मुली तो काढून कपाटात ठेवतात. ज्या घरात साथ मिळते, तिथे तो अंगावर राहतो.